जुन्या दहा चाकी गाडीसाठी कोणते इंजिन पाहावे : ६९७, हिनो की सिक्स बीटी?

तळोजा_वाहतूक (प्रश्न)

नमस्कार. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून भिवंडी व अंबरनाथला आणि आठवड्यातून एक-दोनदा कसारा घाटातून सिन्नरला माल पोहोचवणे हा आमचा व्यवसाय आहे. माल म्हणजे अँगल, चॅनेल आणि पत्र्याच्या गुंडाळ्या. त्यामुळे हौदा अर्धा रिकामा दिसत असला तरी वजन पूर्ण भरलेले असते. सध्या दोन गाड्या आहेत आणि तिसरी, पंचवीस टनी, जुनीच घ्यावी असे ठरवले आहे. नव्या गाडीचा हप्ता या कामातून सुटणार नाही, हे हिशेब करून पाहिले आहे.

तीन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक टाटाची, ६९७ टर्बो इंटरकूलर (हवा दाबून आणि गार करून आत घेणाऱ्या) इंजिनाची. दुसरी अशोक लेलँडची, ज्याला सगळे हिनो म्हणतात त्या इंजिनाची. तिसरी पुन्हा टाटाचीच, पण कमिन्स सिक्स बीटी इंजिनाची. तिन्ही २००८ ते २०१० या काळातील आहेत आणि तिन्हींना यांत्रिक डिझेल पंप आहे. वडिलांनी पंधरा वर्षे १६१३ चालवली, त्यामुळे ६९७ सोडून दुसरे इंजिन घरात आणू नये असे त्यांचे म्हणणे आहे. आमचा चालक सांगतो की घाटात दम फक्त कमिन्सला असतो. मिस्त्री म्हणतो, हिनो घ्या, डिझेल कमी खाईल. प्रत्येक जण आपण हाताळलेल्या इंजिनाचीच बाजू घेतो असे मला वाटते. ताकदीत खरोखर किती फरक आहे, पूर्ण वजनावर कोणते इंजिन अधिक टिकते आणि घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

वागळे_निवृत्त

वागळे इस्टेटमध्ये जड वाहनांच्या इंजिनांची दुरुस्ती करण्यात माझी तीस वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम गाडीचे नाव वाचायला शिकावे. १६१३ म्हणजे साधारण १६ टन एकूण वजन आणि १३० अश्वशक्ती. २५१६ म्हणजे २५ टन आणि १६० अश्वशक्ती. वडिलांच्या १६१३ मध्ये प्रत्येक टनामागे आठ अश्वशक्ती होती. आपण घेणार आहात त्या गाडीत ती सहाच्या थोडी वर, म्हणजे ६.४ भरते, आणि ४०१८ सारख्या ट्रेलरमध्ये तर साडेचारच उरते. वडिलांना आठवते ते ६९७ तुलनेने हलक्या गाडीतले होते. त्या आठवणीवरून पंचवीस टनी गाडीचा अंदाज बांधू नये.

आता घाटाचा हिशेब पाहा. शंभर मीटरला पाच मीटर चढ धरला, चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध धरला आणि इंजिनापासून चाकांपर्यंत पोहोचताना पंधरा टक्के ताकद वाया जाते असे मानले, तर पूर्ण भरलेली १६१३ ताशी ३१ किलोमीटरच्या आसपास चढते आणि २५१६ ताशी २५ किलोमीटरच्या आसपास. त्याच पंचवीस टनी गाडीत १६० ऐवजी १५० अश्वशक्तीचे इंजिन असेल तर वेग ताशी दीड किलोमीटरने कमी होईल. दहा किलोमीटरच्या चढावर हा फरक दोन मिनिटांपेक्षाही कमी आहे. कसाऱ्याला चहासाठी गाडी थांबते तेवढ्यात तो भरून निघतो. म्हणून या तिघांची केवळ अश्वशक्तीवर तुलना करण्यात अर्थ नाही.

चालक ज्याला दम म्हणतो तो खरे तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असतो आणि तोही कमी फेऱ्यांवरचा. चढावर इंजिनाच्या फेऱ्या दोन हजारांवरून पंधराशेवर उतरल्या तरी ते ओढत राहिले, तर चालकाला गिअर बदलावा लागत नाही आणि तो इंजिनाची तारीफ करतो. हे टर्बोच्या जुळणीवर, पंपाच्या गव्हर्नरवर (फेऱ्यांनुसार डिझेल कमी-जास्त करणाऱ्या भागावर) आणि मागील हाउसिंगच्या दात-प्रमाणावर जितके अवलंबून असते, तितके इंजिनाच्या नावावर नसते. एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांत क्राउन-पिनियनचे, म्हणजे त्या मागील दातेरी चाकांचे, प्रमाण वेगळे असले, तर चालक त्यांना दोन वेगळी इंजिने समजतो.

आता एकेका इंजिनाबद्दल. ६९७ हे नाव सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) यांवरून पडले आहे. स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२८ मिलिमीटर, एकूण ५,६७५ सीसी. ही मापे मर्सिडीजच्या १९६४ साली आलेल्या ओम ३५२ या इंजिनाचीच आहेत. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेन्झ यांचा १९५४ साली सुरू झालेला करार १९६९ साली संपला, पण त्या घराण्याची मांडणी आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. क्रँकला सात मेन बेअरिंग, जाड बीड, साधी रचना. मुळात हे इंजिन विना-टर्बो १३० अश्वशक्तीच्या आतबाहेर चालण्यासाठी बेतले गेले होते. त्यावर टर्बो आणि मग इंटरकूलर चढवून १५०-१६० पर्यंत नेले गेले. म्हणजे उष्णता सोसण्याची त्याची मर्यादा इतर दोघांपेक्षा अधिक जवळ आली आहे. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही; पाण्याचे तापमान काट्यावर सतत पाहणारा चालक त्याला लागतो, एवढेच.

हिनोचे इंजिन १०४ गुणिले ११३ मिलिमीटरचे, ५,७५९ सीसीचे आहे. त्याचा स्ट्रोक आखूड आहे आणि ते फेऱ्यांवर चालवायचे इंजिन आहे. जुन्या लेलँडच्या सवयीचा चालक त्यावर बसवला तर तो उंच गिअरमध्ये ओढत नेईल आणि दम नाही म्हणून तक्रार करील. लेलँडची जुनी इंजिने वेगळ्या जातीची होती. ३७०, ४००, ४११ हे त्यांचे आकडे घनइंचांतले आहेत; ४०० म्हणजे साडेसहा लिटर. मोठ्या गाड्यांतले ६८० म्हणजे तर ११.१ लिटर, आणि त्यातून काढलेली ताकद सुमारे २०० अश्वशक्ती. लिटरमागे १८ झाली! आपल्या तिन्ही इंजिनांत हा आकडा २६ ते २८ आहे. ती जुनी इंजिने कधी मरत नसत असे आमच्या पिढीचे लोक सांगतात, त्याचे अर्धे कारण या आकड्यात आहे. त्यांच्याकडून फारसे मागितलेच जात नसे. उरलेले अर्धे कारण असे, की जी मेली ती भंगारात गेली आणि कोणाच्या आठवणीत राहिली नाहीत.

सिक्स बीटी १०२ गुणिले १२० मिलिमीटरचे, ५,८८३ सीसीचे आहे. अमेरिकेत ही मालिका १९८०च्या दशकात आली आणि टाटा-कमिन्सची भागीदारी १९९३ साली झाली. ते पहिल्यापासून टर्बोचा विचार करून बेतलेले आहे, म्हणून त्याचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड, भरभक्कम आहे. ऑइल कूलर आणि वॉटर पंपाची जागा ब्लॉकमध्येच ओतलेली असल्यामुळे बाहेरून फिरणारे पाइप कमी आणि गळतीच्या जागाही कमी. याच इंजिनातून अमेरिकेतील पिकअप ट्रकांत २१५ अश्वशक्तीपर्यंत काढली गेली; पण पिकअप ती ताकद मिनिटभर वापरतो आणि आपली गाडी घाटात अर्धा तास, हे विसरू नये. त्याची एक बाजू मात्र नीट समजून घ्यावी. त्याला लायनर (सिलिंडरच्या आतल्या बदलता येणाऱ्या नळ्या) नाहीत, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. बोअर झिजला की ब्लॉक मशीनवर चढवून अर्धा मिलिमीटर आणि पुढच्या खेपेला एक मिलिमीटर मोठा करायचा. त्यानंतर दुरुस्तीच्या स्लीव्ह बसवाव्या लागतात, आणि ते काम कोणाकडून करून घेता यावर सगळे अवलंबून राहते. त्यामुळे जुने सिक्स बीटी घेताना ते कितव्या बोअरवर आहे हा पहिला प्रश्न असावा. दुसरे, पुढच्या गिअर केसमागे एक छोटी डॉवेल पिन असते, ती वर्षानुवर्षांच्या कंपनाने सैल होऊन टायमिंग गिअरमध्ये पडू शकते. पुढचे कव्हर कधी उघडले गेलेच तर एक लहानशी पट्टी लावून ती कायमची अडवून टाकावी.

कॅलिब्रेशन_कळंबोली

वरील उत्तर इंजिनापुरते पूर्ण आहे. मी पंपाचे काम करतो, त्यामुळे मला दिसणारी बाजू मांडतो.

तिन्ही गाड्यांना यांत्रिक पंप आहे हे आपण लिहिले आहे, पण तो इनलाइन आहे की रोटरी हे लिहिलेले नाही. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) असतो आणि कॅमच्या बाजूला इंजिनाच्या ऑइलचे वंगण मिळते. रोटरी पंपाचे सगळे अंग डिझेलवरच वंगते, म्हणून डिझेलमधून पाणी गेले की तो लवकर बसतो. दोन्हींत प्लंजर आणि बॅरल यांमधील फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी घाणसुद्धा तेथे सँडपेपरचे काम करते. पावसाळ्यात टाकीच्या तळाला पाणी साचते, म्हणून वॉटर सेपरेटर रोज सकाळी मोकळा करावा. या साध्या गोष्टीने जेवढे पंप वाचतात तेवढे माझ्या मशीनने वाचत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. जुन्या गाडीचा दम पाहून कधीही भुलू नये. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि गाडी विकण्याच्या आदल्या आठवड्यात ते हमखास केले जाते. डिझेल वाढले पण हवा तेवढीच राहिली, तर जास्तीचे डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो, सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंचे तापमान चढते आणि त्याची किंमत पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह आणि टर्बो भरतात. पंपावरचे सील तुटलेले असेल, तर त्या गाडीची घाटातील चाचणी पाहूच नका. आधी पंप बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) चढवून सहाही लाइनींचे माप सारखे आणि कंपनीच्या आकड्याइतके आहे का हे तपासावे, नोझलचा दाब आणि फवारा पाहावा, आणि मग गाडी चालवावी. आपल्या चालकाला आवडलेली गाडी कदाचित स्क्रू फिरवलेली असेल, असे मला उगीच वाटून गेले.

जाता जाता एक शंका दूर करतो. सध्याच्या दहा पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाच्या डिझेलने जुने पंप खराब होतात असे अनेक जण सांगतात. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरे आहे, परंतु तो भरून काढण्यासाठी रिफायनरीतच पूरक द्रव्य मिसळले जाते. पंपात टू-टी ऑइल ओतण्याची गरज नाही.

उरण_फाटा_ट्रेलर

मी बंदरातील कंटेनर ओढतो. माझ्या अनुभवात इंजिन मरते ते कंपनीमुळे नव्हे, पाण्यामुळे. खाडीकाठच्या बोअरवेलचे खारट पाणी रेडिएटरमध्ये भरणारे चालक मी रोज पाहतो. दोन वर्षांत रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात, पण सपाटीवर काटा वर जात नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग एखाद्या मे महिन्यात कसाऱ्याला किंवा खंडाळ्याला हेड पॅकिंग उडते आणि दोष इंजिनाला दिला जातो. माझ्याही एका गाडीचे हेड असेच वाकले होते. चूक माझी, कारण कूलंटचे पैसे मीच वाचवले होते. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर नवा बसवा आणि कूलंट योग्य प्रमाणात भरा. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहते हा समज चुकीचा आहे. इंजिन गरजेपेक्षा गार चालले तर बोअर अधिक झिजतो आणि डिझेलही जास्त जाते.

दुसरे, आपल्या भागात उभ्या गाडीचे इंजिन फार चालते. बंदराच्या रांगेत किंवा मुंब्रा बायपासच्या कोंडीत तास-दोन तास इंजिन आयडलवर राहिले, तर किलोमीटर शून्य पण झीज चालूच असते, आणि नोझलवर काजळी धरते ती वेगळीच. म्हणून आमच्या भागातील गाडीचा ओडोमीटर पाहून इंजिनाचे वय ठरवू नये. घाट चढून आल्यावर मात्र लगेच इंजिन बंद करू नये. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेत असतो आणि इंजिन बंद होताच त्याचा ऑइल पुरवठा तुटतो. तेवढी दोन-तीन मिनिटे आयडल अवश्य द्यावी.

कोपरी_पूल

विषयाला धरूनच, पण थोडे विरोधी मत मांडतो. येथे सगळे इंजिनाबद्दल बोलत आहेत, गाडीच्या वयाबद्दल कोणीच नाही. २००८ ची गाडी पंधरा वर्षांच्या पुढे गेलेली आहे. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावा लागतो आणि २०२२ पासून पंधरा वर्षांवरील जड गाड्यांसाठी त्याचे शुल्क पुष्कळ वाढले आहे. भारत स्टेज चार हे धुराचे नियम सर्व देशात एप्रिल २०१७ पासून आले. त्यानंतरच्या कॉमन रेल (सर्व सिलिंडरांना एकाच नळीतून दाबाचे डिझेल देणाऱ्या) गाड्या आता जुन्या बाजारात मिळू लागल्या आहेत. त्यांत डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो, फवारा बारीक होतो आणि त्याच कामाला डिझेल कमी लागते. सेन्सर बिघडला की गाडी रस्त्यात उभी राहते ही भीती मला मान्य आहे, पण तळोजा ते भिवंडी या पट्ट्यात स्कॅनर घेऊन येणारा मेकॅनिक तासाभरात मिळतो. आपण विचारलेल्या तिघांपैकी कोणतेही घेतले तरी पाच वर्षांनी ते विकत घेणारा कोण असेल, याचाही विचार व्हावा.

वागळे_निवृत्त

कोपरीच्या सदस्यांचा मुद्दा रास्त आहे. कागद आधी पाहावेत आणि नोंदणी पुस्तकात जे वजन लिहिलेले आहे तेवढेच भरावे. जास्त वजन भरून कोणतेही इंजिन विश्वासू राहत नाही. तरीही प्रश्नकर्त्यांनी जुनेच घ्यायचे ठरवले आहे, म्हणून तपासणीचे सांगतो.

गाडी पाहायला सकाळी लवकर आणि न कळवता जावे. बोनेटला किंवा रेडिएटरला हात लावून इंजिन गार आहे याची खात्री करावी. आधीच गरम केलेले इंजिन दाखवणारा विक्रेता काहीतरी झाकत असतो. गार इंजिन चालू होताना क्षणभर पांढरा धूर आला तर हरकत नाही, पण गरम झाल्यावरही निळसर धूर राहिला तर रिंग, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोमधून ऑइल जळते आहे. मग ऑइल भरण्याचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या बाजूने खाली निसटणाऱ्या वायूंचा दाब) पाहावे. झाकण उलटे ठेवल्यावर नुसते थरथरले तर चालेल, उडून पडले तर गाडी सोडून द्यावी. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला ऑइलचा दाब किती उरतो हे पाहावे, कारण गार ऑइलवर झिजलेली बेअरिंगसुद्धा चांगला दाब दाखवतात. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी नळीच्या आत बोट फिरवून पाहावे. आत धुळीची भुकटी लागली तर त्या इंजिनाने वर्षानुवर्षे गाळलेली हवा घेतलेलीच नाही, आणि अशा इंजिनाचे नाव काहीही असो, ते आतून घासलेले असणार. शेवटी जुन्या दुरुस्तीची बिले मागावीत. क्रँक किती वेळा ग्राइंड झाला, बेअरिंग कोणत्या अंडरसाइजची आहेत, हे बिलात लिहिलेले असते. तोंडी उत्तराला काही किंमत नाही.

तिन्ही गाड्या सारख्याच स्थितीत असल्या तर मी आपल्या कामासाठी सिक्स बीटी घेईन, कारण पूर्ण वजनावर घाटात त्याच्या अंगावर ताण सर्वांत कमी येतो. पण तिन्ही सारख्या स्थितीत असण्याचा योग माझ्या तीस वर्षांत एकदाही आला नाही.

तळोजा_वाहतूक

सर्वांचे आभार. गेल्या रविवारी पहाटे सहा वाजता, न कळवता, तिन्ही ठिकाणी जाऊन आलो.

एका गाडीचे रेडिएटर आम्ही पोहोचलो तेव्हाच कोमट होते. पहारेकऱ्याने सांगितले की मालक रोज पहाटे अर्धा तास इंजिन चालवून ठेवतो. त्या गाडीच्या पंपावरचे सील तुटलेले होते, आणि आमच्या चालकाला आवडलेली गाडी नेमकी तीच. दुसऱ्या गाडीची बिले व्यवस्थित होती, पण त्यांतच एक मिलिमीटर मोठ्या पिस्टनची नोंद सापडली, त्यामुळे पुढच्या खेपेला काय करायचे याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. राहिली हिनोची गाडी. ती गार असताना दुसऱ्या फटक्याला चालू झाली, झाकण जागेवरच थरथरत राहिले, तापल्यावर ऑइलचा दाब टिकला आणि एअर क्लीनरच्या नळीत बोटाला काही लागले नाही. फिटनेसची मुदत अजून सात महिने आहे. रेडिएटर मात्र बुजलेले दिसते, ते किमतीतून वळते करून घेतले.

टोकन दिले आहे. चालकाला फेऱ्यांवर गाडी चालवण्याची सवय लावावी लागेल, आणि वडिलांनी अजून त्या गाडीकडे वळून पाहिलेले नाही. कॅलिब्रेशनच्या सदस्यांना विनंती अशी की येत्या मंगळवारी पंप आणि सहा नोझल उतरवून आणले, तर ते त्याच दिवशी बेंचवर होतील का, हे कळवावे. बुधवारी सिन्नरचा माल भरायचा आहे.

कॅलिब्रेशन_कळंबोली

सकाळी नऊच्या आत आणलेत तर संध्याकाळपर्यंत होईल. प्लंजर बदलावे लागले तर बुधवारचा माल जुन्या गाडीत भरावा.